बेताच्या खर्चात टॉवर स्पीकर : आधी खोली मोजा

दोन चॅनेलच्या सिस्टिमला लागतं काय? गाणं वाजवणारं एखादं यंत्र, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. यातल्या स्पीकरवर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतो. दुकानात शिरलं की नजर कमरेएवढ्या उंच, चकचकीत टॉवरवर खिळते. विक्रेता वॉट सांगतो, वूफर मोजून दाखवतो, आवाज चढवतो. जोडी घरी येते आणि महिन्याभरात लक्षात येतं, की तबल्याचा डग्गा सगळं गाणं गिळतोय. दर वेळी स्पीकर वाईटच असतो असं नाही. दहा बाय सोळाच्या हॉलसाठी आणि खयाल, नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्या माणसासाठी तो नसतो, इतकंच. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू होतो : आधी खोली, मग तुमचं संगीत आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. साधारण पन्नास हजार ते सव्वा लाख रुपयांत जोडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी तो आहे.

टॉवर घ्यायचाच का?

टॉवरच्या बाजूने पहिलं कारण जागेचं आहे. बुकशेल्फ स्पीकर छोटा दिसला तरी नीट वाजवायचा तर त्याला दोन-अडीच फुटांचा स्टँड लागतो. मग फरशी दोघांनी सारखीच अडवली, आणि चांगल्या स्टँडचे पैसे वर गेले. दुसरं कारण पेटीतल्या हवेचं. पेटी मोठी असेल तर स्पीकर जास्त खाली उतरू शकतो आणि मोठ्या आवाजात त्याची दमछाक कमी होते.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम स्पीकर बनवणाऱ्यांना पाठ असतो : खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. टॉवरमध्ये पेटी लहान असण्याची अट सुटते, म्हणून उरलेल्या दोन गोष्टींना वाव मिळतो. पण त्या मोठ्या पेटीचं लाकूड, पॅकिंग, वाहतूक हे सगळं त्याच किमतीत बसवायचं असतं. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच किमतीच्या बुकशेल्फमध्ये वूफर, ट्वीटर आणि त्या दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर अनेकदा वरच्या दर्जाचे असतात. पेटीच्या कडेवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ, लांबलेला आवाज आला तर पैसे कुठे वाचवले ते कळतं.

ढोबळ हिशेब असा ठेवा. खोली शंभर चौरस फुटांच्या आतली असेल तर टॉवरचा विचार सोडा. चांगला बुकशेल्फ घ्या आणि उरलेले पैसे स्टँडवर घाला. सव्वाशे ते दोनशे चौरस फुटांच्या हॉलला पाच ते साडेसहा इंची वूफर असलेला सडपातळ टॉवर पुरतो. आठ इंची वूफर त्याहून मोठ्या, शक्यतो जेवणघराकडे उघडणाऱ्या हॉलसाठी ठेवा.

खोलीचं गणित

फुटपट्टी घेऊन हॉलची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. मग ५६५ला प्रत्येक मापाने भागा. येणारे आकडे हे तुमच्या खोलीच्या घुमण्याचे पहिले सूर आहेत, हर्ट्झमध्ये. सोळा फूट लांबीला साधारण ३५ येतात, दहा फूट रुंदीला ५६ आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. म्हणजे रुंदी आणि उंची जवळपास एकाच जागी घुमतात आणि तिथला आवाज फुगतो. शिवाय प्रत्येक मापाचं घुमणं दुपटीलाही होतं, त्यामुळे लांबीचं दुसरं घुमणं ७० हर्ट्झवर येतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. अशा हॉलमध्ये, स्पीकर कोणताही असो, खर्जाचा षड्ज बाकीच्या स्वरांपेक्षा जड ऐकू येण्याची शक्यता मोठी.

आपल्या घरांची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बाहेरच्या अनेक कंपन्यांचे मोठे ग्राहक लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकलेल्या भिंतींच्या घरांत राहतात. त्या भिंती थरथरतात आणि खर्जाचा काही भाग बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे वीट, काँक्रीट आणि वर स्लॅब. खर्ज खोलीतच कोंडतो. त्यात व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती आणि सरकत्या काचा यांमुळे वरचे सूरही आपटून परत येतात. म्हणून परदेशी परीक्षणात ‘खर्ज थोडा कमी, ट्वीटर जरा मवाळ’ अशी तक्रार असलेला स्पीकर पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये अगदी बेतशीर वाजू शकतो, आणि तिथे ‘दमदार, झळझळीत’ ठरलेला इथे डोकं उठवू शकतो.

पेटीला हवा सोडायचं भोक, म्हणजे पोर्ट, कुठे आहे तेही पाहा. मागे असेल तर स्पीकर भिंतीपासून किमान दीड-दोन फूट पुढे ठेवावा लागेल. तेवढी जागा देता येणार नसेल तर पोर्ट पुढे किंवा खाली असलेला, किंवा पोर्टमध्ये बसवायचा फोमचा बोळा सोबत देणारा स्पीकर निवडा. पोर्ट पुढे असला तरी भिंतीला चिकटवलेला स्पीकर खर्ज फुगवतोच, पण त्रास थोडा कमी होतो.

तुमच्या गाण्याला किती खर्ज लागतो?

स्पीकर २५-३० हर्ट्झपर्यंत उतरतो, या वाक्याला भुलून लोक बरेच पैसे टाकतात. गाण्यात तिथे नक्की काय असतं ते पाहू. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची. बेस गिटारची आणि डबल बेसची सर्वसाधारण खालची तार ४१ हर्ट्झची. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास. थोडक्यात, कंठसंगीत, तबला, संवादिनी, बासरी, संतूर हा तुमचा मुख्य आहार असेल तर ४५-५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा टॉवर पुरे आहे. सिंथेसायझरचा खर्ज असलेली नवी चित्रपटगीतं, रॉक, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा किंवा ऑर्गन नियमित ऐकत असाल तर ४० किंवा त्याखाली जाण्याला अर्थ आहे.

आपल्या संगीताची खरी कसोटी मधल्या पट्ट्यात लागते. तंबोऱ्याची जवारी, गळ्याचा दाणा, सारंगीची आस, तबल्याच्या चाटेवरचा लख्ख टणत्कार हे सगळं काहीशे हर्ट्झपासून चार-पाच हजारांपर्यंत पसरलेलं असतं. वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवण्याची जागा बहुतेक स्पीकरमध्ये दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन याच पट्ट्यात येते. तो सांधा स्वस्तात उरकला असेल तर तान वर जाताना गळा मध्येच बदलल्यासारखा वाटतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या शौकिनांनी आणखी एक पथ्य पाळावं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर गाणं मधल्या पट्ट्यात असतं आणि वरच्या टोकाला मुख्यतः सरसर असते. झगझगीत ट्वीटर ती सरसर उचलून पुढे आणतो. बालगंधर्व किंवा सवाई गंधर्व ऐकायचे असतील तर वरचं टोक शांत असलेला स्पीकर घ्या.

कागदावरचे आकडे

वूफरची संख्या मोजून किंमत ठरवू नका. पोल्कच्या मॉनिटर एक्सटी६० या टॉवरमध्ये ट्वीटरखाली साडेसहा इंची तीन गोल दिसतात, पण तारेने जोडलेला त्यातला एकच. उरलेले दोन पॅसिव्ह रेडिएटर असतात. पेटीतल्या हवेच्या दाबाने ते हलतात आणि पोर्टचं काम करतात. व्हार्फडेल डायमंड १२.३मध्ये दोन पाच इंची वूफर आहेत आणि रचना अडीच-वे आहे. म्हणजे खालचा वूफर फक्त खर्ज सांभाळतो आणि वरचा खर्जासकट गळाही. डालीच्या ओबेरॉन ५मध्ये दोन सव्वापाच इंची वूफर आहेत आणि उंची फक्त ८३ सेंटिमीटर, त्यामुळे लहान हॉलमध्ये तो अंगावर येत नाही. तिन्ही रचना चालतात. ऐकून निवडायच्या असतात, मोजून नव्हे.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र समजून घ्या. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण चार ओहमच्या स्पीकरला दोन वॉट. म्हणून चार ओहमचा ‘९० डेसिबल’ हा आठ ओहमच्या ‘८७ डेसिबल’इतकाच काटकसरी. काही कंपन्या खोलीतल्या परावर्तनासकट आकडा छापतात, तो दोन-तीन डेसिबलने सहज फुगलेला असतो. आणि ‘४० हर्ट्झ’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर तिथे आवाज तीन डेसिबलने उतरतो की सहाने, की दहाने, हे विचारा. तीन आणि दहा यांत फार मोठं अंतर आहे.

वॉटची भीती यातूनच जाते. ८७ डेसिबलची जोडी आणि दहा फुटांवर बसलेला श्रोता असं धरलं, तर साध्या हॉलमध्ये एकेका वॉटवर ८३-८४ डेसिबल मिळतात. हा आवाज मोठा म्हणावा असा आहे. समेवरच्या थापेसाठी किंवा वाद्यवृंदाच्या उसळीसाठी आणखी दहा-पंधरा डेसिबल राखीव ठेवले तर दहा ते तीस वॉट लागतात. चांगल्या बांधणीचा पन्नास वॉटचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक घरांना पुरतो. घरात होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर सुरुवातीला तोच दोन चॅनेलवर वापरा. फक्त स्पीकर चार ओहमचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे चार ओहमला परवानगी छापली आहे का ते पाहा. आणि कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत चढवू नका, ट्वीटर त्यानेच जळतात.

दुकानात काय ऐकाल?

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले. ज्यांचा आवाज सगळ्या पट्ट्यांत सपाट होता आणि बाजूला सरकल्यावरही फारसा बदलत नव्हता, असे स्पीकर लोकांना सातत्याने आवडले. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं, की स्पीकर डोळ्यांसमोर आले की तेच श्रोते गुण बदलतात. उंच टॉवर घेताना हे विसरू नका. तुलना करताना डोळे मिटा आणि जोडीदाराला स्पीकर बदलायला सांगा.

त्याआधी आवाज जुळवून घ्या. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त चांगला वाटतो. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने दोन्ही जोड्या एकाच पातळीवर आणा. मग आपली गाणी लावा. दुकानदाराच्या डेमो ट्रॅकवर सगळेच स्पीकर छान वाजतात.

पहिलं, नुसता तंबोरा. जवारीतून निघणारे वरचे स्वर एकमेकांत मिसळलेले पण वेगळे ऐकू यायला हवेत. कर्कश तार किंवा मधमाश्यांची गुणगुण ऐकू आली तर ट्वीटरमध्ये खोट आहे.

दुसरं, लताबाईंचं किंवा आशाबाईंचं साठच्या दशकातलं एखादं मोनो गाणं. मोनोत दोन्ही बाजूंना तोच आवाज असतो, म्हणून गळा बरोबर मधोमध, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरला, डोक्याभोवती फिरला आणि खर्जही पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील. त्या सरळ करून पुन्हा ऐका. तरीही गळा एका बाजूला ओढला जात असेल तर जोडीतले स्पीकर सारखे नाहीत, किंवा खोली दोन्ही बाजूंना सारखी नाही. जागांची अदलाबदल केली की दोष कोणाचा ते समजतं.

तिसरं, तबल्याचा एकल किंवा विलंबित एकतालातला खयाल. डग्ग्याची मींड वर-खाली जाताना तिचा सूर ऐकू येतो, की नुसता धपका? धपकाच येत असेल तर स्पीकर किंवा खोली एकाच सुरावर अडकली आहे.

चौथं, ‘कॉल ऑफ द व्हॅली’सारखं १९६७चं ध्वनिमुद्रण. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी एकत्र वाजतात तेव्हा तिघांच्या जागा वेगळ्या राहतात का, आणि संतुराचे ठोके मऊ-कडक असे वेगळे लागतात का, ते पाहा.

शेवटी आवाज अगदी कमी करा, रात्री शेजारी झोपल्यावर ठेवाल तितका. तेव्हाही गाणं भरलेलं राहिलं तर जोडी रोजच्या कामाची.

घरी लावताना

जमत असेल तर जोडी दोन दिवस घरी आणून ऐकण्याची अट घाला. अनेक विक्रेते अनामत घेऊन तयार होतात. दुकानाची खोली मोठी आणि पडदे-गालिच्यांनी मऊ केलेली असते, तुमची नसते.

दोन्ही स्पीकरमध्ये सहा-सात फूट आणि श्रोता तितक्याच किंवा थोड्या जास्त अंतरावर, असा त्रिकोण धरा. बाजूच्या भिंतीपासून जमेल तेवढं अंतर ठेवा. स्पीकर आधी सरळ ठेवा आणि मग गळा मध्यावर घट्ट होईपर्यंत थोडे थोडे आत वळवा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो फूट-दीड फूट पुढे ओढून पाहा. लांबीच्या सगळ्या घुमण्यांचा जोर भिंतीलगत सर्वाधिक असतो, आणि एवढ्याशा सरकवण्याने डग्गा ताळ्यावर येतो. समोर सतरंजी, काचेवर जाड पडदा आणि मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट या तीन गोष्टींनी पाच-दहा हजारांच्या केबलपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

केबलसाठी वेगळी तरतूद नको. पाच मीटरपर्यंत दीड किंवा अडीच स्क्वेअर मिलिमीटरची चांगल्या तांब्याची वायर पुरते. ती पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरने मिळते. मागे चार टर्मिनल असतील तर त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या काढू नका.

टॉवर फरशीवर उभा असतो, म्हणून पाण्याची काळजी घ्या. पेटी सहसा एमडीएफची असते. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसताना तळाला पाणी लागलं की दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. पायांवर किंवा स्पाइकवर पेटी उचललेली असू द्या. स्पाइक टाइल्सवर ओरखडे पाडतात, तेव्हा खाली पितळी चकत्या किंवा कडप्प्याचा तुकडा ठेवा. किचनच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडे हव्या त्या मापाचा तुकडा सहज मिळतो. घरात रांगतं मूल असेल तर रुंद बैठक असलेला टॉवर घ्या आणि जाळी काढू नका.

व्यवहाराच्या गोष्टी

सांगितलेली किंमत एका स्पीकरची की जोडीची, हे पहिल्यांदा विचारा. टॉवरच्या बाबतीत दोन्ही पद्धती चालतात. वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे का आणि वूफर-ट्वीटर सुटे मिळतील का, हे बिलाआधी स्पष्ट करून घ्या. खोकी माळ्यावर जपून ठेवा. पुढे विकताना किंवा बदली झाल्यावर त्यांची किंमत कळते. एकूण बजेटपैकी साधारण निम्मे पैसे स्पीकरला, एक तृतीयांश अ‍ॅम्प्लिफायरला आणि उरलेले गाणं वाजवणाऱ्या यंत्राला, ही वाटणी बहुतेकांना मानवते.

वापरलेली जोडी हा बेताच्या पैशांतला उत्तम मार्ग आहे. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपनीचे जुने टॉवरही त्यात सापडतात. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत भुगा होते, बोटाने हलकेच दाबून पाहा. कोन तळव्याने सारखा आत ढकला, घासल्याचा आवाज यायला नको. दोन्ही ट्वीटर चालू आहेत का, हे त्यांच्याजवळ कान नेऊन तपासा. आणि तळाचा एमडीएफ फुगलेला नाही ना, हे स्पीकर आडवा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इतकं करूनही शेवटी दोन जोड्या उरल्या आणि मन ठरेना, तर खर्ज थोडा कमी पण गळा स्वच्छ असलेली जोडी घ्या. खर्ज कमी पडला तर स्पीकर भिंतीकडे चार बोटं सरकवता येतो, पुढेमागे सबवूफरही जोडता येतो. गढूळ गळा मात्र केबल बदलून, अ‍ॅम्प्लिफायर बदलून किंवा जागा बदलून स्वच्छ होत नाही.